गुडघा काय म्हणतो?

सकाळची पेज पिऊन झाली की मिठागरावरची बारा माणसं कामाला हात लावण्याआधी सोखोमच्या खोपीपुढे येऊन थांबत. कुणी बांधावर टेके, कुणी कावडीचा दांडा जमिनीत रोवून त्याच्यावर हनुवटी ठेवून उभं राही. मुकादम छुन चौकटीचा पंचा डोक्याला गुंडाळत पुढे येई आणि विचारी, "काय ताई, गुडघा काय म्हणतो?"

सोखोम लगेच बोलत नसे. पायरीवर बसल्या बसल्या ती उजवा पाय लांब करी, मग हळूच आखडून घेई. गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवून डोळे मिटून घेई. मग एक तर म्हणे, "गप्प आहे," नाही तर, "कुरकुरतोय."

गप्प असला, तर मीठ कप्प्यातच राहू द्यायचं. आणखी दोन-तीन दिवस उन्हात राहिलं की खडे जाड होतात, पांढरे शुभ्र होतात. कुरकुरत असला, तर असेल तसं पातळ मीठ फळ्यांनी ओढायचं, टोपल्या भरायच्या आणि पाऊस यायच्या आत कोठारात नेऊन ओतायचं. पंधरा दिवस तापलेलं मीठ अर्ध्या तासाच्या सरीत विरघळून जातं, मागे उरतो तो चिखल. काम्पोतच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही कळतं.

गुडघ्याला हा मान मिळाला तो नऊ वर्षांपूर्वी, पंचांगातल्या बकऱ्याच्या वर्षी. मार्च महिना होता. आभाळ असं निळं, की बघून डोळे दुखावेत. सोखोम कावड खांद्यावर घेऊन बांधावरून चालली होती आणि एकदम मटकन खाली बसली. गुडघा धरून रडायलाच लागली. "उचला रे सगळं, पाऊस येतोय, माझा गुडघा फुटतोय," असं ती ओरडली म्हणतात. तिला स्वतःला शब्द आठवत नव्हते, पण इतक्या वेळा ऐकले होते की आता तेच तिला आपले वाटत. लोक हसले. पण छुनच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने सगळ्यांना कामाला लावलं. तीन वाजता डोंगरामागून ढग आला आणि तासाभरात शेजारच्या तिन्ही आगरांचं मीठ वाहून गेलं. यांचं कोठारात होतं.

त्या वर्षापासून मोसमाच्या सुरुवातीला क्षेत्रपालाला उकडलेली कोंबडी दाखवली की तिची उजवी तंगडी सोखोमला मिळू लागली. "गुडघ्याचा मान," छुन म्हणे आणि दोन्ही हातांनी केळीच्या पानावर वाढी.

त्या तंगडीबरोबर खोपही मिळाली. बाकीचे लोक मोसमापुरते यायचे आणि पहिल्या सरींबरोबर आपापल्या गावी भाताला जायचे. सोखोमला जायला गाव नव्हतं. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. एकुलती एक मुलगी सारुन थायलंडला कोळंबी सोलायला गेली होती, आणखी आठ बायकांबरोबर एका खोलीत पाळीपाळीने झोपत होती. कोठाराच्या भिंतीला टेकवून उभी केलेली ती ताडाच्या झावळ्यांची खोप हेच सोखोमचं घर. पावसाळ्यात ती कोठार राखी, मोसमात गुडघ्याचं सांगे आणि त्याबद्दल टोळीत तिचा एक वाटा असे. दोन वर्षांपूर्वी कावड उचलणं अवघड झालं तेव्हाही तिला कुणी "घरी बस" म्हटलं नाही. तिची कावड छुनने आपण होऊन भिंतीला लावून ठेवली. "तुझं काम डोक्याचं आहे ताई," तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला, "म्हणजे गुडघ्याचं."

या मोसमात मात्र एक गोष्ट झाली होती आणि ती सोखोमशिवाय कुणाला माहीत नव्हती. गुडघा रोज दुखायला लागला होता.

ढग असो नसो, वारा समुद्रावरून येवो की डोंगरावरून. उठताना दुखे, बसताना दुखे, भांडं घासायला उकिडवं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. आधी दुखणं पाहुण्यासारखं यायचं, चार दिवस राहायचं आणि जायचं. त्याचं येणं-जाणं कळायचं. आता ते घरजावयासारखं मुक्कामाला आलं होतं. रोजच जो ओरडतो त्याचं कुरकुरणं वेगळं कसं ओळखायचं? सकाळी पायरीवर बसून ती डोळे मिटायची तेव्हा गुडघ्याचं काही ऐकत नसे. सगळ्यांच्या आधी उठून तिने जे पाहिलेलं असे ते मनात जुळवत असे. बोकोरच्या डोंगरावर ढगाची टोपी आहे का. मुंग्या बांधावर चढल्या का. मच्छीमारांच्या होड्या किती लांब गेल्यात. त्यातून काहीच निघालं नाही, तर ज्या दिवशी दुखणं जास्त, त्या दिवशी ती म्हणे, "कुरकुरतोय."

असं तिने मोसम सुरू झाल्यावर डिसेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा सांगितलं. दोन्ही वेळा टोळीने पातळ मीठ घाईघाईने ओढलं आणि दोन्ही वेळा आभाळाने थेंबही टाकला नाही. मीठ निघालं ते पिठासारखं, मातीच्या रंगाचं. मासे खारवायलासुद्धा कुणी हौसेनं घेणार नाही असं.

"मावशीचा गुडघा म्हातारा झाला," नावी म्हणाली. "आता त्याला ऊन आणि पाऊस सारखंच."

नावी टोळीतली सगळ्यात धाकटी, सत्तावीस वर्षांची, तोंडाने फटकळ. पाठीला वर्षाचं पोर बांधून कावड वाहायची. तिचा फोनही हवामान सांगायचा, पण त्यात मोसमभर रोज एकच चित्र यायचं, अर्धा सूर्य आणि अर्धा ढग.

"तुझ्या फोनपेक्षा बरा आहे," सोखोम म्हणाली.

"फोन निदान कण्हत तरी नाही गं."

सगळे हसले. सोखोमही हसली. पण त्याच नावीने दोन दिवसांनी तिला पायरीवरून उठताना दाताखाली पंचा धरलेला पाहिलं. दुपारी तेलाची बाटली आणि नाणं घेऊन आली. "पालथी हो. वारा काढते." पाठीवर आणि मांडीवर नाण्याने लाल रेघा उमटेपर्यंत तिने घासलं. "किती वारा साठलाय बघ. काळा पडलाय." वारा निघाला, तरी गुडघा होता तसाच राहिला.

मग जानेवारीच्या शेवटच्या दिवशी विहारात डॉक्टर येणार असल्याची बातमी आली आणि नावीने तिला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. भन्तेंच्या जेवणाच्या पडवीत टेबल टाकून शहरातून आलेली एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिने गुडघा वाकवला, दाबला, कान जवळ नेऊन त्यातली करकर ऐकली.

"वाटीखालची गादी झिजली आहे आजी. खूप वजन उचललंत का तुम्ही?"

सोखोमला हसू आलं. काळ्या कपड्यांच्या काळात, सगळा देश मजुरीला जुंपला होता तेव्हा, सतराव्या वर्षापासून तिने धरणाची माती वाहिली होती. नंतर पस्तीस वर्षं मीठ. "थोडं उचललं," ती म्हणाली.

"आजींचा गुडघा पाऊस सांगतो," नावी मध्येच म्हणाली. थट्टा करायला म्हणून म्हणाली, पण आवाजात थोडी फुशारकीही होती. "आमचं सगळं आगर त्याच्यावर चालतं."

डॉक्टरीण हसली नाही. "असं पुष्कळ जण सांगतात," ती म्हणाली. "काही जणांनी मोजून पाहिलं, कुणाला संबंध दिसला, कुणाला नाही दिसला. मला खरंच माहीत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंय का आजी?"

सोखोमने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही.

"घरात कॅलेंडर आहे? रोज सकाळी एक फुली मारा. नेहमीचं दुखणं असेल तर बारीक फुली. जास्त असेल तर जाड. आणि पाऊस पडला त्या दिवशी गोल. एप्रिलमधल्या नव्या वर्षानंतर मी परत येईन, तेव्हा दाखवा." आणि तिने गोळ्यांची एक पट्टी दिली. "दुखेल तेव्हा जेवणानंतर एक. पोटाला त्रास झाला तर बंद करा."

परत येताना नावी वाऱ्यावर ओरडून म्हणाली, "मावशी, गोळ्या घेऊन दुखायचंच थांबलं, तर मग आम्हाला कळणार कसं गं?"

ती थट्टाच होती. पण छुनने संध्याकाळी ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा गंभीर झाला. "मोसमात गोळी नको हं ताई," तो म्हणाला. "मोसम संपला की घे. मग कितीही घे." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. कोंबड्याने बांग दिल्यावर त्याला दाणे टाकावेत तसं त्याने सांगितलं. सोखोमने पट्टी तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली खुपसून ठेवली. डबा उघडला की ती हाताला लागे.

खोपीत सोनाराच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, वर दागिने घातलेली बाई आणि खाली महिन्याचं पान. सोखोमला लिहिता येत नव्हतं, पण फुल्या मारता येत होत्या, आणि खोटी फुली मारण्यात काही अर्थ नाही एवढं तिला समजत होतं. लोकांना सांगायचं ते सांगायचं, पण इथे पाहणारं कुणी नव्हतं. रोज उठल्यावर ती कोळशाच्या तुकड्याने एक चौकोन भरी. महिना संपला की पान मागे दुमडून टाकी.

मार्च संपला त्या सकाळी तिने फेब्रुवारीचं पान परत पुढे घेतलं आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून पाहिली. एकही चौकोन रिकामा नव्हता. जाड फुल्या चौदा होत्या. गोल दोनच, हलक्या भुरभुरीचे, आणि दोन्ही गोलांच्या दिवशी नि आदल्या दिवशी फुल्या बारीक होत्या, अगदी मुंगीएवढ्या.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की जाड फुल्या कधी येतात. मीठ ओढल्याच्या दुसऱ्या दिवशी. तिला कावड माफ होती खरी, पण मीठ ओढायच्या दिवशी सगळे धावत असताना नुसतं बसून राहणं तिला जमत नसे. आपण अजून उपयोगाच्या आहोत हे दिसायला हवं, म्हणून ती अर्ध्या भरलेल्या टोपल्या उचलून दहा-वीस खेपा करी. दुसऱ्या दिवशी गुडघा ठणके. असा ठणकला म्हणूनच ती दोनदा म्हणाली होती, "कुरकुरतोय." मग लोकांनी पुन्हा मीठ ओढलं. मग तिने पुन्हा खेपा केल्या.

बकऱ्याच्या वर्षी, त्या निळ्या आभाळाच्या दिवशी, आपण आदले तीन दिवस काय करत होतो? ती आठवू लागली. कोठार गळत होतं म्हणून सगळं मीठ एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेलं होतं. तीन दिवस. पूर्ण कावड.

म्हणजे गुडघ्याला काही ठाऊक नव्हतं. कधीच नव्हतं. नऊ वर्षं तिने कोंबडीची तंगडी खाल्ली होती ती एका योगायोगाची.

तिने पानं मागे दुमडली आणि कोऱ्या एप्रिलवर पहिली फुली मारली.

नवं वर्ष तेरा तारखेवर आलं होतं. त्याआधी मोसमातल्या मिठाचा शेवटचा हात निघायचा होता. कप्पे भरले होते, ऊन कडकडीत होतं आणि मीठ असं धरलं होतं की छुन सकाळ-संध्याकाळ बांधावर फिरून नुसतं पाहत राही. "बारा तारखेपर्यंत राहिलं तर साखरेसारखे खडे निघतील," तो म्हणे. आठ तारखेला तो सोखोमच्या पायरीवर येऊन बसला. पंचा काढून मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"ताई, मालकीण नवा पंप घेणार आहे. समुद्राचं पाणी ओढायला. त्याला छपराखाली जागा लागते."

सोखोमने पाय आखडून घेतला.

"ती म्हणते, ती खोप मोकळी करा. मी सांगितलं, तिथे ताई असते, ताईचा गुडघा आहे. तर हसली. म्हणाली, त्या गुडघ्याने दोनदा पीठ करून दिलं मला." छुनने घसा साफ केला. "मी म्हटलं, एवढा शेवटचा हात बघा. ताई चुकणार नाही. ती म्हणाली, बघते."

"आणि चुकले तर?"

"नाही चुकणार तू," छुन म्हणाला आणि उठला. दोन पावलं जाऊन वळला. "गोळी घेत नाहीस ना?"

"नाही."

"छान."

पुढचे तीन दिवस ती देवाला, क्षेत्रपालाला, मेलेल्या नवऱ्याला, ज्याला त्याला विनवत राहिली. तिला एवढंच हवं होतं की गुडघ्याने एकदा तरी काहीतरी वेगळं करावं. एक दिवस थांबावं. एक दिवस दुसऱ्या जागी दुखावं. कळण्यासारखं काहीतरी. गुडघा रोजच्या रोज तसाच दुखत राहिला. नऊला बारीक फुली. दहाला बारीक फुली. दहा तारखेचा सगळा दिवस तिने नव्या वर्षाच्या देवतेसाठी खोप घासण्यात घालवला, उकिडवं बसून जमीन सारवली, अंथरुणं धुतली. खोप सोडावी लागणार असेल तर ती घाण ठेवून जायची नाही, असंही मनात होतं.

अकराला सकाळी तिला उठताच आलं नाही. गुडघा उकळत्या पाण्यात धरावा तसा पेटला होता. भिंतीला धरून ती कशीबशी उभी राहिली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि कॅलेंडरवर फुली मारली. कोळसा दाबून, गिरवून गिरवून मारली. कागद फाटायचाच बाकी होता.

मग ती बाहेर आली. बोकोरच्या डोंगरावर ढगाची रेघ नव्हती. मुंग्या नव्हत्या. होड्या लांबवर गेल्या होत्या, ठिपक्यांएवढ्या. बारा माणसं समोर उभी होती. नावीच्या पाठीवरचं पोर तिच्याकडे बघून हसलं.

"काय ताई," छुन म्हणाला. आज त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "काय म्हणतो?"

ती पायरीवर बसली. बसतानाच तिच्या तोंडून अस्फुट आवाज निघणार होता, तो तिने खोकून लपवला. पाय लांब करायची हिंमत नव्हती, नुसता हात ठेवला.

हा पाऊस आहे का? की कालचं उकिडवं बसणं? चौदा जाड फुल्या. चौदाच्या चौदा खोट्या. "कुरकुरतोय" म्हटलं आणि पाऊस आला नाही तर तिसऱ्यांदा पीठ, आणि नव्या वर्षात पंप. आभाळ तर धुतल्यासारखं आहे. कागद सांगतो की गुडघ्याला अक्कल नाही. कागद तिने स्वतः भरला होता, कुणाच्या भिडेने नाही.

"मावशी, झोप लागली का?" नावी म्हणाली.

"गप्प आहे," सोखोम म्हणाली.

छुनने श्वास सोडला. "चला. कोठार झाडून घ्या. मीठ उद्या."

दुपारी दोनपर्यंत काहीच झालं नाही. मग वारा पडला. झावळ्यांची सळसळ थांबली तशी सोखोमने मान वर केली. ढग डोंगरावरून नाही, समुद्रावरून आला, जिथून या दिवसांत कधी येत नाही. आधी एखाद्या जहाजाच्या धुरासारखा दिसला. कुणीतरी ओरडलं. छुन कावड घेऊन धावला, बाकीचे त्याच्यामागे धावले. नावीने पोर सोडून खोपीच्या दारात ठेवलं आणि तीही धावली. फळ्यांनी मीठ ओढून ढीग करेपर्यंत पहिले थेंब आले, टपोरे, एकेक वेगळा मोजता येईल असे.

सोखोमने भिंतीला लावलेली आपली कावड काढली. दोन वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. टोपल्या भरल्या, खांदा घातला आणि ती बांधावरून निघाली. तिसऱ्या खेपेला टोपल्यांतून पांढरं पाणी गळत होतं. चौथ्या खेपेला टोपल्या हलक्या लागल्या आणि तिला कळलं की आपण काही नेतच नाही आहोत. तरी ती कोठारापर्यंत गेली आणि रिकाम्या टोपल्या ओतल्या. बांधावर कुणी ओरडत नव्हतं. पावसात बारा माणसं जिथल्या तिथे उभी होती आणि आपल्या पायांखालून मीठ जाताना बघत होती.

छुन रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चिखल उपसून झाल्यावर तो आला आणि पायरीवर न बसता उभाच राहिला. "वय झालं ताई गुडघ्याचं. तुझा काय दोष?" मग इकडेतिकडे पाहत म्हणाला, "पंप वीस तारखेला येईल. तोवर राहा. सारुनला कळव."

सारुनला काय कळवणार? दहाव्या बाईला पाय पसरायला जागा आहे का?

तेराच्या सकाळी टोळी गावाला निघाली. टेम्पो कोठारापुढे उभा होता, त्यात घमेली, गाठोडी, कोंबड्या चढत होत्या. सोखोमने तांदळाचा डबा उघडून गोळ्यांची पट्टी काढली. मोसम संपला होता. गोळी बोटाने दाबून बाहेर काढते आहे तोच नावी निरोप घ्यायला आत आली. तिने पोराला खाली सोडलं, तशी तिची नजर भिंतीकडे गेली.

"हे काय मावशी?" तिने अकराच्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही एवढी जाड?"

सोखोमने गोळी मुठीत मिटली.

"त्या दिवशी सकाळी दुखत होता? एवढा?" नावी जवळ आली. एप्रिलचं पान तिच्या डोळ्यांपुढे स्वच्छ होतं. दहा मुंगीएवढ्या फुल्या आणि अकराची ती डागासारखी काळी, त्याच चौकोनात पावसाचा गोल; त्यापुढे तिने कोळसा हातात घेतलाच नव्हता. "मावशी! गुडघ्याला कळलं होतं! मग तू गप्प का म्हणालीस?"

"पोरी, तो रोजच…"

"आम्ही हसत होतो म्हणून. मीच हसत होते." नावीने तोंडावर हात ठेवला. "अगं, सांग की छुनदादाला. टेम्पो गेल्यावर सांगणार आहेस का? चल. थांब, मीच बोलावते." आणि ती पोराला तिथेच टाकून बाहेर पळाली.

सोखोम कॅलेंडरपुढे उभी राहिली. एप्रिलच्या मागे मार्च होता, मार्चच्या मागे फेब्रुवारी. चौदा जाड फुल्या. छुन हातात घेऊन नुसतं पान उलटील. त्याला वाचायला येत नाही, पण मोजता येतं.

बाहेर नावीचा आवाज ऐकू येत होता, "दादा, आधी बघ तर खरं!" पोर जमिनीवर बसून तिच्याकडे टक लावून पाहत होतं. सोखोमने दोन्ही पानं ओढली. ती सहज निघाली. तिने त्यांची घडी केली, चुलीत सरकवली आणि वर पेजेचं भांडं नीट बसवलं.

छुन वाकून आत आला, त्याच्यामागे आणखी तिघे-चौघे. त्याने कॅलेंडर खिळ्यावरून काढून दारातल्या उजेडात धरलं. अकरावर अंगठा फिरवला. कोळसा त्याच्या अंगठ्याला लागला.

"आणि तू बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणाला असता, तिसऱ्यांदा पीठ करायला निघाली." हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नावी रडायला लागली. तिला रडताना पाहून पोरही रडू लागलं. टोळीतला म्हातारा येम मागून म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो, गुडघा कधी खोटं बोलायचा नाही." तो असं काही म्हणाला नव्हता.

छुन दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. बराच वेळ त्या एका चौकोनाकडे बघत राहिला. "मालकिणीला दाखवतो हे," तो शेवटी म्हणाला. "पंपाला शेड बांधू पलीकडे. मी बांधीन. तुला इथून कुणी हलवणार नाही ताई. पण पुढच्या मोसमात जे गुडघा म्हणेल ते. कुणी हसलं, काही म्हटलं, तरी तू आपलं सांगायचं. आमचं सगळं तुझ्यावर."

"हो," सोखोम म्हणाली.

तो उठला आणि त्याची नजर तिच्या मुठीकडे गेली. पट्टी बाहेर डोकावत होती.

"घेतलीस?"

"अजून नाही."

"मग दे इकडे." त्याने हात पुढे केला. अगदी प्रेमाने, लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तसा. "माझ्याकडे ठेवतो. इथे राहिल्या तर एखाद्या दिवशी मोह होईल तुला. पावसाळाभर दुखू दे नीट, म्हणजे मोसमाला तयार राहील."

तिने पट्टी त्याच्या हातावर ठेवली. सुटी काढलेली गोळी तळहाताला घामाने चिकटली होती, तीही सोडवून दिली.

टेम्पो सुरू झाला तेव्हा नावी पुन्हा धावत आली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून तिने नमस्कार केला. मग हलकेच, घाबरत घाबरत वाटीवर हात ठेवला.

"आत्ता दुखतोय मावशी?"

"दुखतोय."

नावीने डोळे पुसले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि टेम्पोत चढली.